पत्रा फुगत नाही

३ जानेवारी, सकाळी ५.४०

नवी वही. वर्ष सुरू होऊन दोन दिवस गेले, पण ते तयारीचे होते, मी ते धरत नाही. ही रोजनिशी कुणी वाचायची नाही. मीसुद्धा मागची पानं उलटणार नाही. माणसाने पुढे बघावं.

संकल्प: रोज पाचला उठणे. (आज चाळीस मिनिटं उशीर, पण वही शोधत होतो.) संध्याकाळी फिरणे. एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त न बोलणे. हा शेवटचा लेकीच्या आग्रहाखातर. ती मला घरात लाउडस्पीकर म्हणते. मी रागावत नाही. आवाज ही देणगी आहे.

आणि मुख्य: महिनाअखेर मॉडेल पूर्ण करणे.

मॉडेल काय आहे ते थोडक्यात लिहून ठेवतो, म्हातारपणी विसरायला नको. विमानाच्या अंगाला असतो तसा पातळ पत्रा, एक मिलिमीटर जाडीचा. त्याच्या मधोमध आडवी चीर, दहा सेंटिमीटर. पत्रा वर-खाली ओढायचा. किती जोर लावला की चीर धावत सुटते आणि पत्रा फाटतो, हे कॉम्प्युटरने सांगायचं. पत्र्याला हात न लावता.

आमच्या संस्थेत माझ्या खालच्या मजल्यावर, टेस्टिंग हॉलमध्ये, हेच काम दादा खऱ्या पत्र्यावर करतात. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं त्याच ओढायच्या मशीनवर. अठ्ठावीस तारखेला कमिटी बसणार आहे. हॉल ठेवायचा, की मशीन काढून तिथे नवे कॉम्प्युटर बसवायचे, ते ठरणार. बायको म्हणाली, दादाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही. तिथे सगळे तुमचं ऐकतात. एवढं एक करा. मी म्हणालो, झालं समज.

आणि होणारच. माझा आकडा आणि दादांचा आकडा जुळला की मी कमिटीपुढे उभा राहून म्हणेन: कॉम्प्युटर आणि मशीन एकमेकांचे साक्षीदार आहेत. एकाला हाकललंत, तर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

वाक्य चांगलं जमलं. मोठ्याने म्हणून पाहिलं. बायको जागी झाली.

४ जानेवारी, सकाळी ७.५०

पाचला उठणं हे तत्त्व म्हणून मान्य आहे. शरीराला ते हळूहळू पटवावं लागेल.

८ जानेवारी, संध्याकाळी

मॉडेल धावलं. पाच पूर्णांक सहा टन.

आनंदाने खाली गेलो. दादांनी पत्रा नुकताच मशीनच्या जबड्यांत धरला होता. जबडे आवळायच्या आधी ते पत्र्यावरून उलटं बोट फिरवतात, डोळे अर्धे मिटून, आणि म्हणतात, डावा कोपरा केसभर वर आहे. मग खरंच असतो. मी एकदा मोजून पाहिलं होतं, गंमत म्हणून.

मशीन सुरू झालं. तीन टनांच्या आसपास चिरेचे दोन्ही ओठ बाहेर आले. फुगले, अगदी कुणी आतून फुंकर घातल्यासारखे. मग चीर टरटर धावली आणि साडेचार टनांवर पत्र्याचे दोन तुकडे.

साडेचार. माझे पाच पूर्णांक सहा. आणि माझ्या मॉडेलमध्ये पत्रा कुठेही फुगत नाही. शेवटपर्यंत सपाट, शिस्तीत.

दादा म्हणाले, भावोजी, पत्रा वर-खाली ओढला की चिरेच्या कडांवर आडवा दाब येतो, मग त्या पातळ कडा बाहेर पळणारच. तुमचा पत्रा पळत नाही, कारण तुम्ही तो फारच सपाट घेतलाय. इतका सपाट पत्रा मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. त्याला जरासा वाकडेपणा द्या, बघा काय करतो.

मी नम्रपणे सांगितलं की, गणितात वाकडेपणा मुद्दाम घालणं म्हणजे उत्तरपत्रिकेत उत्तर आधी लिहून मग गणित सोडवणं. मी सत्यात भेसळ करणार नाही. भेसळीवर तत्त्वज्ञ काय म्हणतात, राज्यकर्ते काय म्हणतात, तेही सांगितलं. पाच मिनिटांचा संकल्प पाळला का ते घड्याळ नसल्यामुळे सांगता येत नाही. दादांनी तोवर पुढचा पत्रा लावून ओढून पाहिला होता.

११ जानेवारी, रविवार

लेकीने वहीचं पान फाडलं, मधे कात्रीने आडवी चीर दिली, दोन टोकं धरून माझ्या नाकासमोर ओढलं. चिरेचे ओठ फुगले. म्हणाली, बाबा, मामाचा पत्रा. मी समजावलं की कागद हा मुळातच कमी दर्जाचा पदार्थ आहे. ती म्हणाली, मग कॉम्प्युटरला सांगा की वहीचं पान आहे. वयाच्या मानाने तिला तर्क कमी आहे. आईवर गेली.

१५ जानेवारी, दुपारी

दादांचे आणखी तीन पत्रे: ४.४, ४.६, ४.५. तिन्ही फुगले.

कॉम्प्युटर पत्र्याचे चौकोन पाडून हिशेब करतो, ते चौकोन मी आणखी बारीक केले. आधी आठ हजार होते, आता चाळीस हजार. उत्तर ५.६. मग साठ हजार. ५.६. तीन वेळा विचारलं, तीन वेळा एकच उत्तर. माणसाच्या बाबतीत आपण याला चारित्र्य म्हणतो.

कॉम्प्युटर दर वेळी मधेमधे पिवळी सूचना दाखवत होता, 'उत्तर अस्थिर असू शकतं' अशा अर्थाची. सूचना दाखवायची सोय बंद केली. आता स्क्रीन स्वच्छ दिसतो.

निष्कर्ष एकच उरतो. मशीन जुनं आहे. जबडे सरळ ओढत नसणार, म्हणून पत्रा फुगतो. दादांच्या कानावर घातलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, बघतो.

१७ जानेवारी

दादा दोन दिवस डायल गेज, म्हणजे केसाइतका फरक दाखवणारं माप, लावून जबडे तपासत होते. जेवायला वर आले नाहीत. आज येऊन म्हणाले, जबडे सरळ आहेत भावोजी. मग म्हणाले, तरी पण माझ्याच लावण्यात काही असेल तर सांगता येत नाही. मीच लावतो, मीच तपासतो. आपल्याला आपलं दिसत नाही.

किती प्रांजळ माणूस. मला अशी माणसं आवडतात.

१९ जानेवारी

संकल्प: कमिटीत आकड्यांचा विषय काढायचा नाही. फक्त हॉल वाचवायचा. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, आकड्यांचं काय आहे? मी म्हणालो, काही नाही, किरकोळ. ती म्हणाली, तुम्ही किरकोळ म्हणालात की मला देवापुढे दिवा लावावा लागतो.

२७ जानेवारी, संध्याकाळी

भाषणाची सहा कार्डं तयार. पहिलं कार्ड: हॉलचा इतिहास. दुसरं: दादांची सेवा. तिसरं: दोन आकडे वेगळे आले, तर खरा कोणता हे शोधायलाच हॉल हवा. चौथं, पाचवं: साक्षीदारांचं वाक्य, दोन प्रकारे. सहावं कोरं, उत्स्फूर्ततेसाठी.

आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी माझेच डोळे भरून आले. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मग चहा आणून ठेवला, न मागता. दादांना तिने फोन केला, काळजी करू नकोस, हे बोलणार आहेत.

२८ जानेवारी, संध्याकाळी ७

मीटिंग झाली.

क्रमाने लिहितो. दादा मागे दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले फाटलेले पत्रे, कुणी विचारलं तर दाखवायला. इस्त्रीचा शर्ट. मी पहिलं कार्ड म्हटलं, दुसरं म्हटलं. लोक माना डोलवत होते. मग संचालकबाईंनी समोरच्या अहवालात बघून मधेच एवढंच विचारलं की, एकाच पत्र्याचे दोन आकडे कसे? यातला खरा कोणता?

तिसरं कार्ड हातात होतं. तेच वाचायचं होतं. पण 'खरा' हा शब्द कुणी उच्चारला की मला राहवत नाही. मी कार्डं टेबलावर ठेवली. म्हणालो, सत्याला दोन आकडे नसतात! हात थरथरतो, डोळा थकतो, लोखंड झिजतं. आकडा थरथरत नाही, थकत नाही, झिजत नाही! आपण किती दिवस बोटाने चाचपून विज्ञान करणार? ज्यांनी पृथ्वी फिरते म्हणून सांगितलं, त्यांनी ती हाताने फिरवून पाहिली होती का?

चाळीस मिनिटं. अशी लय फार दिवसांनी सापडली. सहावं कार्ड कोरं ठेवलं ते किती योग्य.

टाळ्या. मागे पाहिलं. दादाही वाजवत होते. पत्रे मांडीवरून घसरतील म्हणून कोपराने दाबून धरले होते.

ठराव: हॉल मार्चअखेर बंद.

घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, चर्चा सकारात्मक झाली. ती म्हणाली, दादाचा फोन येऊन गेला. म्हणाला, भावोजी फार छान बोलले.

मी म्हणालो, बघ, त्यांनाही आवडलं.

२९ जानेवारी

नीट विचार केला. दादांचं वय झालं. मशीनचा आवाज, तेलाचा वास, दिवसभर उभं राहणं. कुणीतरी त्यांना त्यातून सोडवायलाच हवं होतं. लोकांना हे उशिरा कळेल.

६ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. बायको माझ्याशी लेकीमार्फत बोलते. बाबांना सांग जेवण वाढलंय. बाबांना विचार दिवा घालवायचा का. मी शेजारच्याच खुर्चीत असतो. एक प्रकारे सोयीचं आहे, निरोप दोनदा ऐकू येतो.

पाचला उठणं सोडलेलं नाही. पुढे ढकललंय.

१० फेब्रुवारी

संस्थेने दादांना स्टोअरमध्ये टेबल देऊ केलं होतं. दोन वर्षं बसून काढता आली असती. त्यांनी नको म्हणून लिहून दिलं, मुदतीआधीच निवृत्ती घेतात. कारण विचारलं तर म्हणाले, आता माप घेणं माझ्याच्याने होणार नाही, आणि स्टोअरमध्येही मापंच घ्यायची असतात.

स्वाभिमानी माणूस. लेक म्हणाली, बाबा, हा स्वाभिमान नाही. मग काय आहे, म्हटलं, तर उठून गेली. दार जरा जोरात लागलं. वारा असेल.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

लेकीची कटकट कायमची मिटावी एवढ्याचसाठी केलं. वाकडेपणा दिला. मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोळ्याला दिसणार नाही, बोटालाही लागणार नाही. निदान माझ्या. म्हटलं, उत्तर ५.६ च येईल, ते छापून फ्रिजवर लावू.

पत्रा फुगला.

तीन टनांना ओठ बाहेर. ४.५ ला फाटला.

११.५०

पुन्हा. ४.५.

दुपारी १

वाकडेपणा आणखी दहापट कमी केला. म्हणजे जवळजवळ नाहीच. तरी फुगला. तरी ४.५. पिवळी सूचना पुन्हा सुरू केली, आणि जुनं सपाट मॉडेल चालवलं. सूचना तीन टनांपासून शेवटपर्यंत येतच राहते. एकशे चाळीस वेळा आली.

दुपारी ३

इथे तरी लिहायला हवं. वहीचा उपयोग काय नाहीतर.

टोकावर उभी केलेली पेन्सिल कागदावरच्या गणितात कायम उभी राहते, कारण कोणत्या बाजूला पडायचं याला तिच्याजवळ काही कारण नसतं. तसा माझा पत्रा. पूर्ण सपाट, त्यामुळे या बाजूला फुगू की त्या बाजूला हे ठरवता न आल्याने तो मुळी फुगलाच नाही. खऱ्या पत्र्याला नेहमीच एखादं कारण असतं. केसभर वर आलेला डावा कोपरा.

हे मला नवीन आहे का? नाही. हेच मी नव्या लोकांना दुसऱ्याच तासाला शिकवतो. अकरा वर्षं शिकवतोय. दुसऱ्याच्या मॉडेलमध्ये ही चूक मी सगळ्यात आधी शोधतो, आणि सापडली की हसतो.

उद्या दादांना सांगायचं. सकाळीच.

२३ फेब्रुवारी

सकाळी दादा कामात होते.

२४ फेब्रुवारी

आज घसा बसल्यासारखा वाटतोय.

२७ फेब्रुवारी

असं कोरडं सांगून चालणार नाही. आधी ठराव बदलून घ्यायचा, मग हातात कागद घेऊनच दादांकडे जायचं. दादा, हॉल परत मिळाला. एकच वाक्य. हेच योग्य. उशीर होतोय तो यासाठी.

५ मार्च, दुपारी

संचालकबाईंना भेटलो. सरळ कबूल केलं की ५.६ चुकीचा, दादांचा ४.५ बरोबर, मशीन बरोबर, दादांचा हात बरोबर. ज्या विमानाच्या कारखान्यासाठी हे काम होतं, त्याच्याकडे ५.६ चा आकडा अजून गेला नव्हता, तो काढून घेतला. एवढं तरी झालं.

बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो, ही तर आनंदाची बातमी आहे. म्हणजे आता मॉडेल मशीनसारखंच उत्तर देतं ना?

मी म्हणालो, देतं.

म्हणाल्या, मग मशीनची गरज आणखीच कमी झाली.

माझा मुद्दा माझ्याविरुद्ध इतका सफाईने कुणी वापरला नव्हता. त्यांनी कडेला लिहिलं: नोंद घेतली. जाता जाता म्हणाल्या, तुमचं त्या दिवशीचं भाषण अजून लोक आठवतात.

१२ मार्च

मशीन काढायला माणसं आली. भंगारात जाणार. दादांनी प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधली होती, कुठला कुठला ते कळावं म्हणून. माणसं म्हणाली, काका, हे वितळवायचंय, चिठ्ठ्या कशाला? दादा म्हणाले, असू द्या, काढताना गोंधळ नको.

सांगायचंच म्हणून मी तासभर तिथे उभा होतो. पण कटरचा आवाज फार होता. दादांनी मोठ्याने विचारलं, लेकीची परीक्षा कधी? मी मोठ्याने सांगितलं, पुढच्या महिन्यात. ते म्हणाले, छान.

मशीन गेल्यावर फरशीवर चार चौकोन राहिले, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ.

२० मार्च

ठरलं. निरोप समारंभात सांगणार. सगळ्यांसमोर. चार भिंतींत केलेली कबुली ही अर्धी कबुली. ज्या खोलीत चूक केली त्याच खोलीत, त्याच आवाजात. बारा पानं लिहून झाली. नवव्या पानावर मुख्य गोष्ट आहे. त्याआधी पार्श्वभूमी लागते.

३१ मार्च, संध्याकाळी

निरोप समारंभ झाला. मला पाच मिनिटं दिली होती. बावीस घेतली. दादांच्या एकतीस वर्षांवर बोललो. पहिला पगार, पहिला पत्रा, ते उलटं बोट. तीन जण रडले. जुना हिशेबनीस रडला, तो तर मागच्या वर्षी स्वतःच्या निरोपालासुद्धा रडला नव्हता. सातव्या पानाच्या शेवटाला टाळ्या अशा पडल्या की लोकांना वाटलं, संपलं. आणि चहा आत आला.

चहा आत आल्यावर माणसांना थांबवणं बरं दिसत नाही.

दादांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, भावोजी, किती चांगलं बोलता तुम्ही. तुमचं ऐकलं की माणसाला पटतंच.

उरलेली पाच पानं बॅगेत आहेत.

२ एप्रिल

आज बायको थेट माझ्याशी बोलली. दोन महिन्यांनी. लेकीने माझ्या स्क्रीनवर फुगलेला पत्रा पाहिला होता आणि आईला सांगितलं होतं, फेब्रुवारीतच. इतके दिवस दोघी वाट बघत होत्या, मी कधी सांगतो याची.

बायको म्हणाली, अहो, त्याला सांगितलंत का?

मी म्हणालो, त्याचं असं आहे की,

ती म्हणाली, असं नाही आणि तसं नाही. जा आणि सांगा. भाषण करू नका. चपला काढायच्या आधी सांगा.

मग म्हणाली, तो आता घरात मीठ मोजून टाकतो. चमच्याने. दोनदा. एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. पाणी घ्यायला उठली आणि पाणी न घेता आत गेली.

५ एप्रिल, रविवार

दादांकडे गेलो. दोन खोल्या, खिडकीजवळ पलंग, भिंतीला नवा रंग. मुलगा परगावी, त्यामुळे एकटेच.

चपला काढायच्या आधी सांगितलं. तीन वाक्यांत. दादा, चूक माझ्या मॉडेलची होती. पत्रा मी जास्तच सपाट घेतला होता, तुम्ही म्हणालात तसाच. तुमचा आकडा बरोबर, मशीन बरोबर, तुमचा हात बरोबर.

आयुष्यात इतकं कमी कधी बोललो नव्हतो.

दादा म्हणाले, आत या, बसा. पाणी दिलं. मग म्हणाले, तिने पाठवलं का?

मी म्हणालो, तिने पाठवलं, पण खरं आहे. कागद आणले होते ते दाखवले. त्यांनी नवीन चष्मा लावला. डोळे तपासून घेतले होते, मीटिंगनंतर लगेच. डॉक्टर म्हणाला, या वयाला फारच छान नजर आहे, जवळचं वाचायला तेवढा हा घ्या. दादा म्हणाले, डॉक्टरही तसे भले आहेत.

कागद शांतपणे वाचले. बोट आकड्यांवर ठेवून. मग म्हणाले, वाकडेपणा किती द्यायचा ते तुम्हीच ठरवलंत ना?

मी म्हणालो, हो, पण कितीही कमी दिला तरी उत्तर तेच येतं, हे बघा.

ते म्हणाले, माझा आकडा तुमच्यासमोर होता. त्यात तुमचा दोष नाही. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही जुळवून आणलंत. एवढे कष्ट कोण घेतं? तुम्ही त्या दिवशी मीटिंगमध्ये जे बोललात ना, ते मी घरी येऊन पुष्कळ विचार करून पाहिलं. हात थरथरतो, डोळा थकतो. खरंच आहे. आपलं आपल्याला कळत नाही एवढंच. मी रात्री हात पुढे धरून बघितला. थरथरत होता.

मी म्हणालो, दादा, कुणाचाही थरथरतो. माझाही थरथरतो. हे बघा.

ते म्हणाले, तुम्ही समजूत घालायला लागलात की ऐकत राहावंसं वाटतं.

मग मी बोललो. भाषण करू नका म्हणून बजावलं होतं तरी बोललो. पेन्सिलीचं सांगितलं, पिवळ्या सूचनेचं सांगितलं, अकरा वर्षं शिकवतो तेही सांगितलं. जानेवारीत जेवढा जोर लावला होता त्याच्या दुप्पट लावला. ते मान हलवत होते, हसून. जितकं चांगलं बोलत गेलो तितकं त्यांना ते सांत्वन वाटत गेलं. मला ते दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं.

थांबलो तेव्हा चहा झाला होता. चहा पिताना ते म्हणाले, बरे आलात, एक फळी लावायची राहिलीय. भिंतीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली होती. विचारलं, ही सरळ आहे का सांगा जरा.

रेघ सरळ होती. काचेच्या कडेसारखी सरळ. मी म्हणालो, अगदी सरळ आहे, दादा.

मग खिशातलं खोडरबर काढून त्यांनी ती पुसली. पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाले, तुम्हीच मारा.

मला नाही म्हणता आलं नाही. रेघ मी मारली, भोकं मी पाडली, स्क्रू मी आवळले. दादांनी फक्त फळी धरली. फळी लागली, आणि डावीकडे उतरली. चांगली बोटभर. कुणालाही दिसावी इतकी.

दादांनी तिच्यावरून बोट फिरवलं. उलटं, डोळे अर्धे मिटून. डाव्या टोकाला बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी म्हणालो, दादा, वाकडी गेलीय, काढून परत लावू.

त्यांनी डोळे उघडले. बोट मागे घेतलं आणि शर्टाला पुसलं. म्हणाले, तुम्ही लावलीय ना? मग सरळच असणार. मलाच आताशा असं वाकडं वाटतं.